कॅलिफोर्नियात जन्मलेल्या बाळाचा जन्मदाखला: काउंटी क्लर्ककडून सर्टिफाइड प्रत काढताना

हॉस्पिटलमधून घरी येताना मिळालेल्या फाइलमध्ये जाड कागदाचं एक देखणं प्रमाणपत्र असतं. सोनेरी कड, बाळाच्या इवल्या पावलांचे ठसे, खाली कुणाची तरी सही. तो जन्मदाखला नाही. आठवण म्हणून जपून ठेवा, पण बाळाच्या अमेरिकी पासपोर्टच्या खिडकीवर त्याचा उपयोग शून्य. दर काही महिन्यांनी कुणीतरी जोडपं हाच कागद घेऊन पासपोर्टच्या अपॉइंटमेंटला जातं आणि तान्ह्या बाळासकट परत येतं. भारताची तिकिटं काढलेली असतात, आजी-आजोबांच्या परतीची तारीख ठरलेली असते, आणि मग धावपळ सुरू होते.

कॅलिफोर्नियात खरा दाखला आपोआप घरी येत नाही. बाळाचं सोशल सिक्युरिटी कार्ड मात्र हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘हो’ म्हटलं की टपालाने येतं, त्यामुळे दाखलाही तसाच येईल असं वाटतं. तो मागावा लागतो, त्याचे पैसे भरावे लागतात आणि तुमचं बाळाशी नातं काय हे शपथेवर सांगावं लागतं. खिडकीवर काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं. चुका होतात त्या तिथे पोचण्याच्या आधी, म्हणून या लेखात जास्त जागा त्या आधीच्या टप्प्यांना दिली आहे.

१. हॉस्पिटल सोडण्याआधी: वर्कशीटवरची नावं

जन्माची नोंद हॉस्पिटल करतं. बर्थ क्लर्क खोलीत येऊन एक वर्कशीट देते. तुम्ही ते भरता, ती टाइप करून आणते, तुम्ही वाचून सही करता. कायद्याने ही नोंद जन्मानंतर ठरावीक दिवसांत स्थानिक रजिस्ट्रारकडे जायला हवी, त्यामुळे सगळं घाईत होतं. आईची झोप झालेली नसते, बाबा फोनवर असतात. नेमकी याच क्षणी केलेली चूक पुढे वर्षानुवर्षं सोबत राहते.

सगळ्यात जास्त घोळ आईच्या नावात होतो. कॅलिफोर्नियाच्या दाखल्यावर आई-वडिलांच्या आडनावाच्या रकान्यात जन्माचं आडनाव मागितलेलं असतं. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आणि काही घरांत पहिलं नावसुद्धा बदलतात. समजा माहेरचं नाव वैशाली दत्तात्रय सावंत आणि पासपोर्टवर रेवती निखिल परब. अशा वेळी आडनावाच्या रकान्यात ‘सावंत’ जायला हवं. पहिलं किंवा मधलं नावही बदललेलं असेल तर ते कसं लिहायचं हे बर्थ क्लर्कला आधी विचारा, तिला पासपोर्ट दाखवा आणि मगच लिहा.

माझ्या मुलीच्या वेळी मी पासपोर्ट समोर धरला आणि त्यावरचं सासरचं आडनाव जसंच्या तसं उतरवलं. पुढे दुरुस्ती करावी लागली. कॅलिफोर्नियात त्यासाठी व्हीएस २४ नावाचं प्रतिज्ञापत्र राज्याच्या आरोग्य खात्याकडे पाठवतात आणि त्यावर वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन व्यक्तींच्या सह्या लागतात. पण दुरुस्ती झाली म्हणून मूळ पान बदलत नाही. दुरुस्तीचं दुसरं पान त्याला कायमचं जोडलं जातं. तिचा दाखला आज दोन पानांचा आहे. जिथे देऊ तिथे दोन्ही पानं द्यावी लागतात, आणि पहिल्या पानावर ते चुकलेलं आडनाव आजही दिसतं.

बाळाच्या नावातही थांबून विचार करा. मधल्या रकान्यात वडिलांचं नाव घालायची आपली पद्धत इथेही चालते. पण ते घालायचं की नाही हे दोघांनी आधीच ठरवा, कारण पासपोर्ट, शाळा, बँक सगळीकडे तेच नाव चालणार आहे. रोमन स्पेलिंगचंही तसंच. ‘अथर्व’च्या शेवटी ए लावायचा का? ‘ज्ञानदा’ डी-एन-वाय ने सुरू करायचं की जी-वाय ने? आजोबा फोनवर एक सांगतात, मावशी दुसरं. हा वाद बाळंतपणाच्या आधी मिटवा आणि ठरलेलं स्पेलिंग कागदावर लिहून हॉस्पिटलच्या बॅगेत ठेवा.

तपासा: टाइप केलेली प्रत आली की एकाने एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने पासपोर्टशी ताडून पाहायचं. बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, दोघांच्या जन्मतारखा, दोघांचं जन्मस्थान. त्यानंतरच सही.

२. काउंटी कोणती आणि ऑफिस कोणतं

दाखला मिळतो तो बाळ जिथे जन्मलं त्या काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). तुम्ही राहता कुठे याचा इथे संबंध नाही. राहायला फ्रीमाँटला, म्हणजे अलामेडा काउंटीत, आणि बाळंतपण सॅन होजे किंवा माउंटन व्ह्यूला झालं असेल तर नोंद सांता क्लारा काउंटीत असते. बे एरियात गाव कधी संपलं आणि काउंटी कधी बदलली हे गाडी चालवताना कळतसुद्धा नाही, म्हणून हॉस्पिटलचा पत्ता नकाशावर टाकून काउंटीचं नाव पक्कं करून घ्या.

ही चूक महागात पडते. चुकीच्या काउंटीकडे अर्ज गेला तर ते नोंद शोधतात, ती सापडत नाही, आणि नोंद नसल्याचं प्रमाणपत्र तुमच्या हातात देतात. शोधण्याची फी परत मिळत नाही.

काउंटी कळली की ऑफिस. कायमचं दप्तर काउंटी क्लर्क-रेकॉर्डरकडे असतं. पण कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच काउंट्यांमध्ये अगदी ताज्या जन्मांच्या नोंदी आधी काउंटीच्या आरोग्य विभागाकडे असतात आणि काही काळाने क्लर्क-रेकॉर्डरकडे जातात. तान्ह्या बाळासाठी नेमकं कुठे जायचं हे त्या काउंटीच्या वेबसाइटवर जन्माच्या वर्षानुसार दिलेलं असतं. बर्कली, लाँग बीच आणि पॅसाडीना या तीन शहरांचे तर स्वतःचे आरोग्य विभाग आहेत, तिथे जन्म झाला असेल तर आधी शहराकडे चौकशी करा.

आरोग्य विभागाकडून घेतलेली प्रत पासपोर्टला चालते. भारतात वापरण्यासाठी अपॉस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून त्यावरची सही खरी असल्याचं सरकारी प्रमाणपत्र) करायचं असेल तर मात्र तिच्यावर सही कोणाची आहे हा प्रश्न येतो. त्याबद्दल आठव्या टप्प्यात.

थांबा: जन्मानंतर लगेच तिसऱ्या-चौथ्या दिवशी खिडकीवर जाऊ नका. नोंद तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो. आधी फोन करून बाळाचं नाव आणि तारीख सांगा, नोंद दिसते का विचारा आणि मगच निघा.

३. प्रत कोणती मागायची

अर्जावर दोन चौकटी असतात: ऑथराइज्ड आणि इन्फर्मेशनल. तुम्हाला ऑथराइज्ड हवी. सर्टिफाइड दोन्ही असतात, शिक्का दोन्हींवर असतो आणि बहुतेक ठिकाणी फीही सारखीच असते, म्हणून लोक फसतात. पण इन्फर्मेशनल प्रतीवर ठळक अक्षरांत छापलेलं असतं की ओळख सिद्ध करण्यासाठी हा कागद वैध नाही. पासपोर्टला ती चालत नाही.

ऑथराइज्ड प्रत मागण्याचा हक्क कायद्याने ठरावीक लोकांनाच आहे: ती व्यक्ती स्वतः, तिचे आई-वडील, कायदेशीर पालक, आजी-आजोबा, भावंडं, जोडीदार, मुलं, नातवंडं, आणि वकील किंवा न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तींसारखे मोजके इतर. काका, मामा, मावशी, आत्या या यादीत नाहीत. आपल्या घरात मामाने हे काम करणं अगदी सहज असलं तरी इथे त्याच्या हातात इन्फर्मेशनल प्रतच पडेल. आजी-आजोबा मात्र चालतात. नातेवाइकांपैकी कुणाला पाठवायचंच असेल तर त्यांना पाठवा.

किती प्रती? निदान दोन. एक पासपोर्टच्या अर्जासोबत टपालात जाईल आणि परत यायला काही आठवडे लागतील, तेवढ्यात दुसरी कुठेतरी लागतेच. अपॉस्टिल करायचं असेल तर तिसरी. प्रत्येक प्रतीची फी वेगळी आणि ती अधूनमधून वाढते, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाचा आकडा वेबसाइटवर बघा.

४. अर्ज आणि शपथपत्र

अर्जात बाळाचं जन्माच्या वेळी नोंदवलेलं नाव, जन्मतारीख, जन्माचं शहर, आणि आई-वडिलांची नावं लागतात. नावं वर्कशीटवर गेली तशीच लिहा. आज तुम्ही काय वापरता ते इथे लिहून उपयोग नाही, कारण शोध त्या नोंदीतच होणार आहे.

तारीख लिहिताना हात थांबवा. इथे आधी महिना, मग दिवस. पाच ऑगस्ट लिहायची म्हणून आपल्या सवयीने आधी ५ आणि मग ८ लिहिलंत तर क्लर्क ती आठ मे म्हणून वाचेल, आणि त्या तारखेला तुमच्या बाळाची नोंद सापडणार नाही.

अर्जासोबत स्वॉर्न स्टेटमेंट असतं. मी या बाळाची आई आहे, मला ही प्रत मिळण्याचा हक्क आहे, आणि खोटं असेल तर खोट्या शपथेच्या गुन्ह्याची शिक्षा मला मान्य आहे, असा त्याचा आशय. यात एक नियम असा आहे की तो मोडला की सगळा अर्ज परत येतो.

थांबा: या कागदावर घरी सही करू नका. खिडकीवर जाणार असाल तर क्लर्कसमोर सही करायची. टपालाने पाठवणार असाल तर नोटरीसमोर. घरी डायनिंग टेबलावर केलेली सही नोटरीने पाहिलेली नसते, आणि टपालाने आलेला नोटरीविना अर्ज ऑथराइज्ड प्रतीसाठी चालत नाही.

इथली नोटरी म्हणजे आपल्याकडच्या कोर्टाबाहेर तिकीट लावून शिक्का मारणारे वकीलसाहेब नव्हेत. कॅलिफोर्नियाची नोटरी फक्त तुमची ओळख पटवते आणि सही तिच्यासमोर झाली याची नोंद स्वतःच्या वहीत करते. मजकूर खरा की खोटा हे ती बघत नाही. एका सहीचे जास्तीत जास्त १५ डॉलर घ्यायची तिला कायद्याने परवानगी आहे. जुळी मुलं असतील, किंवा दोन भावंडांचे दाखले एकदमच मागवत असाल, तर एकाच शपथपत्रात सगळ्यांची नावं आणि नातं लिहा. प्रत्येकासाठी वेगळी नोटरी लागत नाही.

५. मागवायची कशी

खिडकीवर. वेळ कमी असेल तर हाच रस्ता. सरकारने दिलेलं, फोटो असलेलं ओळखपत्र मूळ स्वरूपात न्या. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा भारतीय पासपोर्ट, दोन्ही चालतात. मुदत संपलेली नाही ना ते आदल्या रात्री बघा. बाळाला नेण्याची गरज नाही, आणि आई-वडिलांपैकी एकजण पुरे. काही काउंट्यांत आधी वेळ घ्यावी लागते.

टपालाने. अर्ज, नोटरी केलेलं शपथपत्र, चेक किंवा मनी ऑर्डर. चेक कोणाच्या नावे काढायचा ते अर्जावर छापलेलं असतं, तेच शब्द लिहा.

ऑनलाइन. बऱ्याच काउंट्या व्हायटलचेक या सेवेमार्फत अर्ज घेतात. तिची फी दाखल्याच्या फीवर वेगळी लागते. सर्च करताना सरकारी वाटाव्यात अशा कितीतरी खासगी वेबसाइट आधी दिसतात, त्यामुळे नेहमी काउंटीच्या पानावरच्या दुव्यावरूनच आत जा.

राज्याकडून. सॅक्रामेंटोचं राज्याचं आरोग्य खातंही दाखला देतं, मग काउंटी कोणतीही असो. पण तिथे काउंटीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. काउंटी नक्की माहीत असताना राज्याकडे जायचं कारण नाही.

भारतातून. पुण्या-नाशकाला कायमचं परतल्यावर मुलाचा दाखला हरवलाय असं लक्षात येणारी घरं कमी नाहीत. ऑनलाइन ओळख पटली नाही तर नोटरीसाठी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत वेळ घेऊन जाता येतं. प्रत्येक शिक्क्याला ५० डॉलर लागतात. शपथपत्र तिथेही कोरं, सही न करता न्यायचं.

६. हातात आल्यावर, तिथल्या तिथे

लिफाफा बॅगेत टाकून निघू नका. खिडकीपासून दोन पावलं बाजूला होऊन वाचा. छपाईत किंवा प्रत काढताना झालेली चूक तिथेच सांगितली तर लगेच सुटते.

आधी कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवा. कॅलिफोर्नियाच्या सर्टिफाइड प्रतीची नक्षीदार कड उठावाची असते, ती बोटाला लागते. त्या कडेशिवाय, तारीख, शिक्का आणि रजिस्ट्रारची सही नसेल तर प्रत वैध नाही, असं दाखल्यावरच छापलेलं असतं. मग इन्फर्मेशनलचा ठसा नाही ना ते बघा. मग नावं, पुन्हा अक्षर-अक्षर.

थांबा: लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे महत्त्वाचा कागद आला की पहिली धाव लॅमिनेशनच्या दुकानाकडे असते. पण प्लास्टिकखाली उठाव बोटाला लागत नाही, आणि अपॉस्टिलसाठी असा कागद नाकारला जाऊ शकतो. साधी पारदर्शक फाइल पुरे.

७. पासपोर्टला जाताना

दाखल्यावर बाळाचं पूर्ण नाव, जन्माची तारीख आणि ठिकाण, आई-वडिलांची पूर्ण नावं, रजिस्ट्रारची सही, शिक्का, आणि जन्मानंतर एका वर्षाच्या आत नोंद झाल्याची तारीख हे सगळं असायला हवं. मूळ प्रत आणि तिची साधी फोटोकॉपी, दोन्ही न्यायच्या.

१६ वर्षांखालच्या मुलासाठी डीएस-११ फॉर्म, बाळ स्वतः आणि आई-वडील दोघंही लागतात. या फॉर्मवरही सही घरी करायची नाही. एकजण भारतात असेल तर त्याचं डीएस-३०५३ संमतीपत्र नोटरी करून आधीच मागवून ठेवा.

पासपोर्ट आला आणि पाकिटात दाखला नाही म्हणून घाबरून फोन करणारे पुष्कळ. दाखला वेगळ्या लिफाफ्यातून, मागाहून येतो.

ओसीआयच्या (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो त्या कार्डाच्या) अर्जात आईच्या नावाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो: दाखल्यावर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवायला विवाह प्रमाणपत्र लागतं. त्यावर फक्त लग्नाआधीचं नाव असेल, आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलल्याची प्रसिद्धी केलेली असेल, तर ते पानही सोबत ठेवा. घरचा जुना ट्रंक उघडायला आई-बाबांना आत्ताच सांगा.

८. भारतात वापरायचा असेल तर: अपॉस्टिल

भारतातल्या कार्यालयाने परदेशी दाखला प्रमाणित करून मागितला तर अपॉस्टिल लागतं. अमेरिका आणि भारत दोन्ही अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय कराराचे सदस्य आहेत, त्यामुळे वकिलातीच्या वेगळ्या शिक्क्याची गरज नाही. कॅलिफोर्नियाच्या दाखल्यावर अपॉस्टिल कॅलिफोर्नियाचे सेक्रेटरी ऑफ स्टेटच देतात. टपालाने पाठवायचं तर सॅक्रामेंटोला. स्वतः जायचं तर सॅक्रामेंटो किंवा लॉस एंजेलिस. फी २० डॉलर, आणि खिडकीवर दिलं तर प्रत्येक अधिकाऱ्याच्या सहीमागे आणखी ६ डॉलर.

अपॉस्टिल देणारं ऑफिस दाखल्यावरची सही आपल्या दप्तरातल्या नमुन्याशी ताडतं. काउंटी क्लर्क-रेकॉर्डरची किंवा राज्याच्या रजिस्ट्रारची सही असेल तर काम सरळ होतं. काउंटीच्या आरोग्य अधिकाऱ्याची सही असेल तर आधी काउंटी क्लर्ककडे जाऊन ती सही प्रमाणित करून घ्यावी लागते. म्हणून घाई नसेल तर नोंद क्लर्क-रेकॉर्डरकडे जाईपर्यंत थांबा आणि अपॉस्टिलची प्रत तिथूनच घ्या.

सोबतच्या पत्रात देशाचं नाव, म्हणजे भारत, स्पष्ट लिहा आणि परतीचा स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा घाला.

इतर राज्यांत राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. न्यू जर्सीत हे काम काउंटी क्लर्ककडे नसतं. जन्म झालेल्या गावाचा रजिस्ट्रार किंवा राज्य दाखला देतं. टेक्ससमध्ये काउंटी क्लर्ककडून संक्षिप्त प्रत मिळू शकते, म्हणून मागतानाच सविस्तर प्रत हवी असं सांगा. न्यू यॉर्क शहराचं दप्तर न्यू यॉर्क राज्याच्या दप्तरापासून वेगळं आहे.

अपॉस्टिलचा कागद दाखल्याला जोडून येतो. फोटोकॉपी काढताना ती पिन काढू नका. पानं सुटी झाली की अपॉस्टिल बाद धरतात, आणि कार्यालयातला माणूस पिनेची दुसरी भोकं लगेच ओळखतो. वरचं पान हलक्या हाताने मागे दुमडून फोटो काढा, आणि स्कॅन करून दोघांच्या ईमेलमध्ये एकेक प्रत ठेवा.